राजकीय तत्त्वज्ञान: कोकण किनाऱ्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या तालुक्याच्या गावात, वाचनालयाच्या माडीवर, दर शनिवारी संध्याकाळी आम्ही दहा-बारा जण जमतो आणि राजकीय तत्त्वज्ञान वाचतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं असतात, दोन शिक्षिका, एक निवृत्त तलाठी, मच्छीमार सोसायटीचे एक जुने संचालक असतात. मी हा विषय बरीच वर्षं महाविद्यालयात शिकवला. नवा माणूस आला की तेच प्रश्न पुन्हा येतात, आणि ते टाळण्याजोगे नसतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवत आहे.

राजकीय तत्त्वज्ञान म्हणजे नेमकं काय?

जून उजाडला की पावसाळी मासेमारीबंदी लागते आणि यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात. बंदी कोणत्या होड्यांना लागू आहे, मोडली तर दंड किती, हे कायदा सांगतो. ती कोणाच्या आग्रहाने आली, कोण पाळतो, कोण मोडूनही सुटतो, हे राज्यशास्त्र शोधतं. पण धक्क्यावर बसलेला तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, विचारतो, "माझा बाप या समुद्रात गेला, आजा गेला. मला जाऊ नको म्हणणारं सरकार कोण?" तिथे राजकीय तत्त्वज्ञान सुरू होतं.

त्याला "कायदा आहे म्हणून" असं सांगून भागत नाही, कारण कायदा करायचा हक्क कुठून आला हेच तो विचारतोय. "पोलीस धरतील" हेही उत्तर नव्हे. धरता येतं म्हणजे धरायचा हक्क आहे असं होत नाही. मग आपण म्हणतो, माशाची वीण सगळ्यांची आहे. किंवा, नियम करणारे आपणच निवडून दिलेत. किंवा, नियम लहान-मोठ्या सगळ्यांना सारखा असेल तरच तो बांधील. ही तीन वेगवेगळी उत्तरं आहेत आणि प्रत्येकामागे शेकडो वर्षांचा वाद उभा आहे. हुकूम करणाऱ्याला तो हक्क कोणी दिला, तो कुठवर चालतो, आणि जे सगळ्यांचं आहे ते कसं वाटायचं, एवढ्या तीन प्रश्नांत या विषयाचा बहुतेक पसारा मावतो.

मग राजनीती आणि विचारसरणी वेगळ्या कशा?

राजनीती म्हणजे राज्य कसं मिळवावं, राखावं, चालवावं याचं शहाणपण. विचारसरणी म्हणजे उत्तर आधीच ठरवून त्याभोवती माणसं गोळा करणारी मांडणी. तत्त्वज्ञानाला स्वतःच्या उत्तरावरही पुन्हा प्रश्न घालावा लागतो. सीमारेषा पुसट आहेत, हे मात्र कबूल केलं पाहिजे. मार्क्सला तुम्ही कुठे बसवाल?

हे सगळं ग्रीकांनी सुरू केलं ना? आपल्याकडे काय होतं?

ग्रीकांकडे एक गोष्ट ठळक घडली. इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये अथेन्सच्या लोकशाहीने सॉक्रेटिसला मृत्युदंड दिला. लोकांच्या कौलानेच अन्याय होऊ शकतो, हा घाव त्याच्या शिष्याच्या, प्लेटोच्या मनातून कधी गेला नाही. "रिपब्लिक" हा संवाद त्या घावातून आला असं मला वाटतं. ज्याला तारे कळतात, वारा कळतो त्याच्या हाती सुकाणू नसतं, आणि खलाशी आपापसात भांडून तारू चालवायला निघतात, हे त्याचं जहाजाचं रूपक किनाऱ्यावरच्या माणसाला दोनदा समजावावं लागत नाही. प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल जमिनीवरचा माणूस. त्याने आणि त्याच्या शिष्यांनी १५८ राज्यघटनांची माहिती जमवली आणि कोणती व्यवस्था कशामुळे बिघडते ते पाहिलं.

आपल्याकडची सुरुवात माशांपासून होते. मोठा मासा लहान माशाला गिळतो, तो मत्स्यन्याय. दंड धरणारा कोणी नसेल तर माणसांतही तेच होतं, असं महाभारताचं शांतिपर्व सांगतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर देवाणघेवाणच मांडली आहे: मत्स्यन्यायाने गांजलेल्या प्रजेने मनूला राजा केलं, धान्याचा सहावा आणि मालाचा दहावा हिस्सा देऊ केला, आणि बदल्यात राजाने त्यांचं योगक्षेम पाहायचं. बौद्धांच्या दीघनिकायातल्या अग्गञ्ञ सुत्तात लोक एकत्र येऊन आपल्यातल्याच एकाला निवडतात, त्याला तांदळाचा वाटा देतात, आणि त्याचं नावच महासम्मत. सगळ्यांची संमती असलेला. युरोपात करार-सिद्धान्ताची चर्चा रंगण्याच्या कितीतरी आधी हे लिहिलं गेलं आहे.

पण "आपल्याकडे सगळं आधीच होतं" असं म्हणून छाती फुगवण्यात अर्थ नाही. मत्स्यन्यायाच्या त्याच परंपरेने वर्णव्यवस्था राखणं हे राजाचं कर्तव्य ठरवलं. लहान मासा कोण हेच तिने जन्मावरून ठरवून टाकलं. हे सगळं मूळ ग्रंथांतून पाहायचं असेल तर आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात राजधर्मावर जे लिहिलं ते वाचावं. अर्थशास्त्राची पोथी मात्र फार उशिरा हाती लागली. म्हैसूरला शामशास्त्रींना ती १९०५ साली मिळाली आणि १९०९ साली छापली गेली.

मराठीत जुना असा ग्रंथ आहे का? आज्ञापत्राला राजकीय तत्त्वज्ञान म्हणता येईल?

यावर आमच्याकडे तीन शनिवार गेले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र १७१५च्या सुमाराचं. त्यात दुर्ग आहेत, साहुकार आहेत, टोपीकर म्हणजे युरोपीय व्यापारी आहेत, आणि आरमार हे स्वतंत्र राज्यांग आहे असं स्पष्ट म्हटलं आहे. कौटिल्याने सांगितलेल्या राज्याच्या सात अंगांत आरमाराला वेगळी जागा नव्हती. ती किनाऱ्याने दिली. पण मला त्यातला झाडांचा उतारा सगळ्यात मोलाचा वाटतो. आरमाराला लाकूड लागतं. सागवान वगैरे हुजूर परवानगीने तोडावं. आंबा आणि फणस हेही आरमाराच्या कामाचे, पण त्यांना हात लावू देऊ नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी जतन करून वाढवलेली असतात. ती तोडली तर त्या दुःखाला पारावार काय? एखादं झाड फारच जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावं. बळजोरी अगदी करू नये.

हे वाचून झाल्यावर मी इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक काढला. त्याचं पुस्तक १६८९चं, म्हणजे जेमतेम पाव शतक आधीचं. जंगलात पडलेली फळं कोणाचीच नसतात, पण मी ती वेचली, माझे श्रम त्यात मिसळले, की ती माझी, असं तो म्हणतो. अमात्यांच्या फणसामागेही श्रमच आहेत. मग फरक कुठे? निवृत्त तलाठी पटकन म्हणाले, "सर, लॉक झाडाच्या मालकाशी बोलतोय. अमात्य तोडणाऱ्याशी बोलतायत."

अगदी तोच फरक आहे. अमात्य राजाला आवर घालतात, पण रयतेच्या हाती राजाला अडवणारं काही देत नाहीत. शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्रही याच जातीचं आहे. दाणा, गवत, लाकूड कुणब्यांकडून जबरदस्तीने घेऊ नका. लोक म्हणतील, यापेक्षा मोगल बरे. इतकंच काय, रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात नेईल आणि गवताची गंजी जळेल, इथवर बजावलेलं आहे. राज्यकर्त्याने रयतेची इतकी बारीक काळजी वाहावी हे फार मोठं आहे. जगातल्या त्या काळच्या अनेक दरबारांत ते सापडणार नाही. तरीही कोणी विचारलं, तर माझं उत्तर असं: ही सर्वोत्तम राजनीती आहे, आणि तिच्यात तत्त्वज्ञानाचं बीज आहे. राजा चुकला तर रयतेने काय करावं, हा प्रश्न विचारला जाईल तेव्हा ते बीज रुजतं.

सामाजिक करार कधी झाला? त्यावर सही कोणी केली?

कोणीच नाही, कधीच नाही. इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जलाही ते माहीत होतं. इंग्लंडमधलं यादवी युद्ध पाहिलेला हा माणूस १६५१ मध्ये "लेव्हायथन" लिहितो आणि विचारतो: राज्यच नसतं तर? प्रत्येकाला प्रत्येकाची भीती. त्या भीतीपोटी आपण सगळे आपला हक्क एका सत्तेच्या हाती सोपवू. लॉक म्हणतो, सोपवू, पण जीव, स्वातंत्र्य आणि मालमत्ता राखण्यापुरताच. सत्तेने तेच हिरावलं तर करार संपला. रूसो १७६२ मध्ये म्हणतो, माणूस स्वतः केलेल्या कायद्यालाच बांधील राहून मोकळा राहू शकतो, म्हणून सत्ता सगळ्यांची मिळून असली पाहिजे.

यावरचा सगळ्यात जबर आक्षेप डेव्हिड ह्यूमचा, १७४८चा. तुम्ही इथे राहता म्हणजे तुमची संमती आहे, असं लॉक म्हणतो. ह्यूम उत्तर देतो: माणसाला झोपेत उचलून जहाजावर आणलं, आता चहूकडे पाणी आहे, उतरायचं तर बुडून मरायचं. तो जहाजावर राहिला म्हणून त्याने कप्तानाची सत्ता मान्य केली म्हणायचं का? आमच्या सोसायटीच्या संचालकांनी हे ऐकलं आणि म्हणाले, खोल समुद्रात जाणाऱ्या होडीवर बाहेरून कामाला आलेल्या खलाशाचंही असंच असतं; उचल घेतलेली असते, मधे उतरता येत नाही. ह्यूमला याहून चांगला वाचक मिळाला नसेल.

सार्वभौमत्व हा शब्द पुस्तकात नुसता फिरत राहतो. तो दाखवता येईल का?

रत्नागिरीला जा आणि थिबा पॅलेससमोर उभे राहा. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशचा राजा थिबा याला पदच्युत केलं आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. तो राजवाडा १९१०चा. १९१६ मध्ये थिबा तिथेच वारला. नोकरचाकर होते, मान होता, दरबारी रीतही होती. फक्त त्याचा हुकूम फाटकाच्या बाहेर चालत नव्हता, आणि खर्चासाठी इंग्रजांकडे अर्ज करावे लागत. राजा म्हणजे व्यक्ती नव्हे, ज्याच्या वर दुसरा हुकूम नाही अशी सत्ता म्हणजे राज्य. फ्रान्सच्या बोदँने १५७६ मध्ये हे सांगितलं होतं, ते इथे विटा-चुन्यात दिसतं. याच काळात रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ थिबाच्याच राजधानीत, मंडालेत, कैदेत होते. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत. एका साम्राज्याने माणसं अशी पालटून ठेवावीत, याचं मला प्रत्येक वेळी नव्याने वाईट वाटतं.

समुद्र कोणाचा?

सोळाव्या शतकात पोर्तुगीज म्हणत, आमचा. या किनाऱ्यावरून जाणाऱ्या तारवांना त्यांचा कार्ताझ, म्हणजे परवाना, लागे; नसेल तर माल आणि तारू जप्त. १६०९ मध्ये डच कंपनीच्या बाजूने ह्यूगो ग्रोशियसने लिहिलं की समुद्र कोणाच्या कब्जात घेताच येत नाही, म्हणून तो कोणाचा नाही, सगळ्यांना मोकळा. हे तत्त्वज्ञान सुंदर आहे, आणि ते एका व्यापारी कंपनीच्या फायद्यासाठी लिहिलं गेलं, हेही खरं. पुढे आंग्र्यांनी स्वतःचे परवाने द्यायला सुरुवात केली तेव्हा इंग्रजांनी त्यांना चाचे म्हटलं. परवाना कोणी दिला म्हणजे कायदा आणि कोणी दिला म्हणजे चाचेगिरी, हा राजकीय तत्त्वज्ञानाचाच प्रश्न आहे.

आजचा वाद आतल्या पाण्यातला आहे. जे सगळ्यांचं ते कोणीच राखत नाही आणि शेवटी संपतं, असं गॅरेट हार्डिनने १९६८ मध्ये मांडलं. त्याचा उपाय दोनच: सरकारी नियंत्रण किंवा खासगी मालकी. एलिनॉर ऑस्ट्रॉमने १९९०च्या पुस्तकात दाखवलं की तिसरी वाट आहे. लोक स्वतः नियम करून सामाईक साधन पिढ्यान्‌पिढ्या राखू शकतात, मात्र कोण आत, कोण बाहेर, पहारा कोणाचा आणि दंड कसा चढत जाणार हे ठरलेलं हवं. तिला २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आमच्या खालच्या अंगाला, मालवण-वेंगुर्ल्याकडे, रापण पाहिलीत तर ऑस्ट्रॉम वाळूवर उलगडते. होडी जाळं सोडत अर्धवर्तुळ घेऊन परत येते. दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसं दोन रांगांत कंबर मागे टाकून ओढायला लागतात. पायाखालची वाळू सरकते, दोर तळव्याला कापतो, तास-दोन तास जातात. जाळ्याची पिशवी काठाला आली की तारली, बांगडे वाळूवर उडायला लागतात, आणि लगेच वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. शेवटी धावत येऊन दोराला हात लावणाऱ्यालाही मूठभर मिळतं. मालकीला किती, श्रमाला किती, गरजेला किती, हा न्यायाचा सगळा वाद त्या दहा मिनिटांत तिथल्या तिथे सुटतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच माणसांना एकत्र ओढायचं असतं म्हणून तो बराचसा सचोटीने सुटतो. पर्ससीन म्हणजे थव्याला घेरणारं मोठं जाळं; त्या बोटींवर राज्य सरकारने २०१६ मध्ये निर्बंध घातले, त्यामागे हीच तक्रार होती: एक जाळं बाहेरच सगळा थवा उचलतं आणि रापणीपर्यंत काही येतच नाही. माझी सहानुभूती रापणकरांकडे आहे. पण पर्ससीनच्या बोटीवरचा खलाशीही गरीबच असतो, हे विसरून उत्तर देऊ नये.

महाडचा सत्याग्रह हा इतिहास झाला. त्यात तत्त्वज्ञान कुठे आहे?

तारखांच्या मधल्या अंतरात.

१९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद पूर्ण झाला. आणि १९२७च्या मार्चपर्यंत त्या तळ्यावर अस्पृश्यांपैकी कोणी पाणी भरू शकत नव्हतं. तळ्यावर इतर धर्मांच्या माणसांना अडवलं जात नव्हतं, जनावरांनाही नाही.

२० मार्च १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेतल्या लोकांना घेऊन चालत गेले, तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर देवळात शिरणार अशी अफवा उठवून परिषदेच्या माणसांना मारहाण झाली. तळं "शुद्ध" करून घेतलं गेलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात परिषद पुन्हा भरली, तोवर न्यायालयाचा मनाई हुकूम आला होता. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. बाबासाहेबांनी त्या सभेची तुलना १७८९च्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली. ही सभा नुसती पाण्यासाठी नाही, समतेचा पाया घालण्यासाठी आहे, हा त्यांचा मुद्दा होता.

पुढे दावा दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ला उच्च न्यायालयाने निकाल दिला तो अस्पृश्यांच्या बाजूने, पण कारण पाहा. सवर्ण फिर्यादींनी सांगितलेली रूढी अनादी काळापासूनची आहे हे सिद्ध झालं नाही, म्हणून. समजा, सिद्ध झालं असतं तर? जुनी रूढी म्हणून तहानेवरची बंदी न्याय्य ठरली असती? इथे कायद्याची हद्द संपते. जे जुनं आहे ते योग्य आहे का, जे ठरावात आहे ते मिळतं का, आणि जे बहुसंख्यांना मान्य आहे ते माणसाला बांधील आहे का, हे तिन्ही प्रश्न त्या तळ्याच्या पायऱ्यांवर उभे राहिले. राज्यघटनेचा पंधरावा अनुच्छेद वाचताना विहिरी, तलाव, स्नानघाट हे शब्द आले की आमच्या वर्गात कोणीतरी हमखास थांबतं. समतेच्या अनुच्छेदात पाणवठ्यांची यादी का करावी लागली, हे महाड माहीत असलेल्याला सांगावं लागत नाही.

युरोपातल्या करारवाद्यांनी राज्य विरुद्ध व्यक्ती असा सामना मांडला होता. बाबासाहेबांनी दाखवलं की राज्याच्या आधी समाज उभा असतो आणि तो राज्याहून निर्दय असू शकतो. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये समाजाच्या जुलमाबद्दल लिहिलं होतं खरं, पण त्याच्या मनात वेगळ्या मताचा माणूस होता. पाणी नाकारलेला माणूस नव्हता. स्वातंत्र्य आणि समता यांच्या जोडीला बंधुता बाबासाहेबांनी इतक्या आग्रहाने का धरली, ते यातून कळतं. विषयाचा विकास म्हणजे हा. ज्याला आजवर मोजलंच नव्हतं तो बोलायला लागतो आणि जुन्या व्याख्या तोकड्या पडतात.

जमिनीचं काय? खोती गेली, आता तो प्रश्न उरला कुठे?

माझ्या आजोबांचा जुना सातबारा माझ्याकडे आहे. कागद पिवळा, घड्यांवर फाटलेला. "कूळ" या रकान्यात त्यांचं नाव, त्याभोवती कंस, शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक. तो कंस म्हणजे ते कूळ राहिले नाहीत, मालक झाले. आजी सांगायची, खोताकडे अर्धल घालून आल्यावर घरात उरलेलं भात ती आधी मापायची आणि मग किती जणांना एकवेळ जेवायचं ते ठरवायची.

खोत मुळात सरकारसाठी वसूल गोळा करणारा. हळूहळू गावचा धनीच होऊन बसला. कष्ट कुळाचे, निम्मं पीक खोताचं, वर वेठ. रूसोने १७५५ मध्ये लिहिलं होतं की ज्याने पहिल्यांदा कुंपण घालून "हे माझं" म्हटलं आणि ज्याला ते खरं मानणारी साधी माणसं भेटली, तो या समाजाचा खरा संस्थापक. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी ते खरं मानायचं थांबवलं. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ त्यांनी जमीन कसलीच नाही. उपाशी राहिले, लाकडं विकली, पण नांगर धरला नाही. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा यायला १९४९ उजाडलं, आणि कुळांना मालकी देणारा कृषक दिन १ एप्रिल १९५७चा.

लॉकच्या श्रमसिद्धान्ताप्रमाणे जमीन कुळाची. पण त्याच लॉकच्या लिखाणात "माझ्या नोकराने कापलेलं गवत माझं" असंही वाक्य आहे, आणि खोत नेमकं तेच म्हणत होता. एकाच पानावरून दोघांनाही आधार मिळतो, म्हणून पान नीट वाचावं लागतं. प्रश्न उरलाय का? आज जमीन विकून गेलेल्या मालकाचा मुलगा त्याच जमिनीवरच्या हॉटेलात कामाला जातो. तेव्हा उरला आहे.

मोठा प्रकल्प येतो तेव्हा बहुसंख्यांचं हित पाहावं की गावाचं?

जैतापूरचा अणुप्रकल्प, नाणार आणि बारसूची रिफायनरी या नावांनी हा प्रश्न आपल्या घराघरांत आला. बेंथमचा हिशोब सोपा: सुख जास्त कोणाला, ते मोजा. त्यात मोजणीबाहेर काही राहतं, उदाहरणार्थ देवराई किंवा कातळावरची खोदचित्रं. जॉन रॉल्सने १९७१ मध्ये वेगळी युक्ती सुचवली. आपण कोण आहोत हे आपल्याला माहीत नाही असं धरून नियम ठरवा. हापूसची बाग असलेला, खाडीत मासे मारणारी, ट्रकचा ठेकेदार, की मुंबईच्या एका खोलीत नोकरीची वाट पाहणारा तुमचाच पुतण्या? यांपैकी कोणीही निघू शकता. आमच्या गटात हा प्रयोग केला तेव्हा दोन्ही बाजूंचे आवाज खाली आले. निर्णय एकमताचा झाला नाही, पण "आधी विचारा तरी" यावर सगळे आले.

कायदा इथे अर्धाच मार्ग जातो. २०१३च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला ही अट नाही. घेणारा सरकार असला की संमतीची गरज का संपते, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

निवडून आलेली संसद घटनेत काहीही बदलू शकते का?

हा प्रश्न आपल्याच खासदाराने देशापुढे आणला. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, मूलभूत हक्कांना संसद हात लावू शकत नाही. राजापूरचे बॅरिस्टर नाथ पै यांनी त्याविरुद्ध खासगी विधेयक मांडलं: लोकांचा अधिकार अंतिम, म्हणून संसदेला घटनादुरुस्तीचा पूर्ण अधिकार हवा. विधेयक मंजूर झालं नाही. १९७१च्या जानेवारीत ते गेले, त्याच वर्षी सरकारने चोविसावी दुरुस्ती केली, आणि १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा असा निकाल दिला: दुरुस्ती करा, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू नका.

नाथ पै लोकशाहीवादी होते, सत्तेचे भुकेले नव्हते. त्यांची बाजू रूसोची. न्यायालयाची बाजू, काही गोष्टी बहुमताच्या आवाक्याबाहेर ठेवणाऱ्यांची. पुढची आणीबाणी पाहता मला न्यायालय बरोबर वाटतं. पण न निवडलेल्या तेरा जणांनी शेवटचा शब्द का बोलावा, हा नाथ पैंचा सवाल अजून उभाच आहे.

या सगळ्यात बायका कुठे आहेत?

बराच काळ, दाराआड. रूसोने स्वातंत्र्याचं इतकं लिहिलं आणि मुलीचं शिक्षण नवऱ्याला सुख देण्यासाठी ठरवलं. मेरी वुलस्टनक्राफ्टने १७९२ मध्ये त्याला तोंडावर उत्तर दिलं. आपल्याकडे ताराबाई शिंद्यांची "स्त्रीपुरुष तुलना" १८८२ची, आणि तिची धार आजही बोथट नाही. गटातल्या एक शिक्षिका विचारतात, घरी किती जण एकवेळ जेवणार हे तुमच्या आजीने ठरवलं, तो राजकीय निर्णय नव्हता का? होता. कोणत्याही संहितेत त्याची नोंद नाही.

विषय मेला आहे असं म्हणतात, ते खरं का?

१९५६ मध्ये पीटर लॅस्लेटने तूर्त मेला असं लिहिलं होतं. पंधरा वर्षांत रॉल्स आला, १९७४ मध्ये नोझिकने त्याला विरोध केला, २००९ मध्ये अमर्त्य सेन यांनी नीती आणि न्याय हे आपले जुने शब्द घेऊन दोघांनाही वेगळी दिशा दाखवली.

सुरुवात कुठून करू?

प्लेटोचा "क्रिटो" घ्या. एका बैठकीत होतो. सॉक्रेटिस तुरुंगात आहे, मित्र म्हणतो पळ, सगळी व्यवस्था झाली आहे, आणि तो नको म्हणतो. मोठ्याने वाचा, दोघांनी दोन भूमिका घेऊन. मग बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९चं संविधान सभेतलं भाषण. राजकारणात एक माणूस एक मत, आणि समाजात, अर्थकारणात विषमता, हा विरोधाभास त्यांनी तिथे मांडला आहे. तिसरं म्हणजे पेणजवळच्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांचं "स्वराज्यशास्त्र", छोटं आहे. हॉब्जला पहिल्याच महिन्यात हात घालू नका.

आमच्याकडे "क्रिटो" वाचून झाल्यावर हात वर करायला सांगितले. सहा जण म्हणाले सॉक्रेटिसने पळायला हवं होतं, पाच जण नाही म्हणाले. तलाठ्यांनी हात वर केला नाही. पुढच्या शनिवारी सांगतो, म्हणाले.